भूक मिटवायला देश एकत्र येतात तेव्हा नक्की काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेती शिकणाऱ्या पोरापोरींशी मी बरीच वर्षं बोलतेय, कधी कॉलेजात, कधी गावातल्या वाचनालयात, आणि भुकेचा विषय निघाला की फिरून फिरून हेच प्रश्न येतात, काही रागाने विचारलेले, काही खरंच कुतूहलाने. सगळ्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून लिहून काढलीत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, आपल्या ताटातलं धान्य एकट्या आपल्या देशाचं कधीच नव्हतं, ते चार-पाच देशांच्या हातांतून फिरत आलंय, आणि हे फिरणं चालू राहिलं तरच भूक हटणार आहे.

आज जगात नेमके किती लोक उपाशी आहेत?

युनोच्या पाच संस्था मिळून दरवर्षी एक रिपोर्ट काढतात. २०२५ च्या रिपोर्टप्रमाणे २०२४ साली साधारण ६७ कोटी ३० लाख लोकांना पुरेसं खायला मिळत नव्हतं, म्हणजे जगात बारामागे एक माणूस. आफ्रिकेत पाचामागे एकाहून जास्त. आणि नीट चौरस आहार, म्हणजे डाळ, भाजी, फळ, दूध-अंडं असं सगळं, परवडत नाही असे लोक तर २६० कोटी. २०३० पर्यंत भूक शून्यावर आणायची असं सगळ्या देशांनी २०१५ ला ठरवलं होतं, ते होणार नाही हे आता उघड दिसतंय, त्याच रिपोर्टचा अंदाज आहे की २०३० ला सुद्धा ५१ कोटींच्या आसपास लोक उपाशी असतील.

पण धान्य तर भरपूर पिकतं ना? मग यात शास्त्रज्ञ काय करणार?

प्रश्न बरोबर आहे, आणि अर्धं उत्तर तुमच्याच बाजूने आहे. जगात वर्षाला २८० कोटी टनांच्या आसपास तृणधान्य पिकतं, लोकसंख्येने भागलं तर माणशी साडेतीनशे किलो होतं. त्यातलं बरंच जनावरांच्या पोटात आणि इंधनात जातं ते वेगळं. अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावरून हेच दाखवून दिलं होतं, की लोक मेले ते बाजारात धान्य नव्हतं म्हणून नाही, ते विकत घ्यायची ताकद उरली नव्हती म्हणून. म्हणून नुसतं नवीन बियाणं काढलं की भूक संपली असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

पण उलटी बाजूही बघा ना. जिथे माणूस स्वतः पिकवतो आणि स्वतःच खातो, आफ्रिकेतलं एखादं खेडं घ्या किंवा आपल्याकडचा कोरडवाहू पट्टा घ्या, तिथे पीक गेलं की धान्यही गेलं आणि ते विकत घ्यायचे पैसेही गेले, दोन्ही एकदम. तिथे रोगाला न पडणारं बियाणं, जनावराची लस, टोळधाड यायच्या आधी आलेली सूचना यांनी सरळ जीव वाचतात. आणि रोग, कीड, पाऊस यांना देशाची हद्द कळत नाही, त्यामुळे एकट्याने केलेलं काम अर्धवटच राहतं.

सायन्स डिप्लोमसी म्हणतात ते हेच का?

हो. दोन देशांची शास्त्रज्ञ मंडळी एकत्र काम करतात त्यातून संबंध सुधारतात, ही एक बाजू. आणि सरकारांनी करार केला, व्हिसा दिला, बियाण्याचं पार्सल कस्टममधून सोडलं म्हणून शास्त्रज्ञांना काम करता आलं, ही दुसरी. भुकेच्या बाबतीत मला दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते.

एखादं ठोस उदाहरण द्या ना, नाहीतर हे सगळं भाषणासारखं वाटतं.

गव्हाचं घ्या. आपल्याकडचा जुना गहू उंच वाढायचा, कमरेच्या वर, खत-पाणी जास्त दिलं की ओंबी जड व्हायची आणि पीक लोळायचं. म्हणजे जास्त दिलं तर नुकसान, अशी पंचाईत. यावर उपाय सापडला जपानमध्ये. तिथे १९३५ ला नोरिन १० नावाचा बुटका वाण निघाला, गोंजिरो इनाझुका नावाच्या शास्त्रज्ञांनी काढलेला, आणि त्याचे आईबाप बघितले तर दारुमा हा जपानी, फुल्ट्झ हा अमेरिकन आणि टर्की रेड हा मुळात काळ्या समुद्राकडून स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेलेला. म्हणजे जपानी वाण म्हणतो तोच तीन खंडांचा.

पुढे महायुद्ध झालं, जपान हरला, आणि १९४६ ला अमेरिकन सैन्याबरोबर सल्लागार म्हणून गेलेले सॅल्मन नावाचे गहू-शास्त्रज्ञ तिथे शेतात हा बुटका गहू बघतात आणि त्याचं बी अमेरिकेला पाठवतात. वॉशिंग्टन राज्यातले ऑर्व्हिल व्होगेल त्याच्यावर काम करतात. व्होगेल ते बी मेक्सिकोत गव्हावर काम करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांना देतात, कुठला करार नाही, कंपनी नाही, मागितलं आणि दिलं. बोरलॉग मेक्सिकोत वर्षात दोन पिकं घेऊन, एक उत्तरेच्या सपाटीवर आणि एक डोंगरात, त्यातून बुटके वाण काढतात. दिल्लीच्या पुसा इन्स्टिट्यूटमध्ये स्वामिनाथन यांना हे कळतं, ते आग्रह धरतात, बोरलॉग १९६३ ला भारतात फिरून शेतं बघून जातात आणि बी पाठवतात.

मग १९६५. भारत आणि पाकिस्तान दोघांनीही मेक्सिकोकडून शेकडो टन बियाणं मागवलं होतं. ट्रक बंदराकडे निघाले, अमेरिकेच्या सीमेवर अडले, मग लॉस एंजेलिसमध्ये दंगल उसळली त्यात अडकले, कसंबसं बी जहाजावर चढलं आणि जहाज समुद्रात असतानाच भारत-पाकिस्तान युद्ध सुरू झालं. दोन देश एकमेकांवर तोफा डागत होते आणि दोघांचंही बियाणं एकाच शेतातून येत होतं. ते पोचलं, पेरलं गेलं. १९६६ ला आपण लेर्मा रोहो या मेक्सिकन बुटक्या गव्हाचं १८,००० टन बियाणं आणलं. ते आणायचं की नाही यावर दिल्लीत केवढा वाद झाला होता, कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी तो अंगावर घेतला. १९६४-६५ ला आपला गहू साधारण १ कोटी २३ लाख टन होता, मधे दोन दुष्काळ येऊन खाली गेला, आणि १९६७-६८ ला १ कोटी ६५ लाख टनांवर पोचला. नंतर आपल्याच शास्त्रज्ञांनी त्यातून कल्याण सोना आणि सोनालिका निवडले, जे आपल्या चपातीला बरे पडले कारण मेक्सिकन गहू लाल होता आणि लोकांना तो रंग नको होता.

म्हणजे हे अमेरिकेचे उपकारच ना?

नाही, आणि हा प्रश्न मला जिव्हाळ्याचा आहे म्हणून जरा लांब लिहिते.

धान्याची मदत आणि ज्ञानाची देवाणघेवाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीएल-४८० या अमेरिकी मदत कायद्याखाली तिथला गहू यायचा, १९६६ ला आपण एकूण एक कोटी टनांच्या आसपास धान्य आणलं होतं, आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ते जहाज-जहाज करून सोडायचे, आपण व्हिएतनामवर काय बोलतो ते बघून. त्याच्या आदल्या वर्षी शास्त्रीजींनी सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडायला सांगितलं होतं आणि घरोघरी लोकांनी ते पाळलं होतं. ज्याच्या हातात तुमचं पोट त्याच्या हातात तुमची जीभ, हे त्या पिढीने बघितलंय.

माझी आजी ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. तेव्हा रेशनवर परदेशातली लाल मिलो, म्हणजे एक प्रकारची ज्वारी, यायची आणि कामावर पोरांना सुकडी मिळायची. आजी सांगायची, मिलोचं पीठ कितीही मळलं तरी त्याला चिकटपणा यायचा नाही, भाकरी थापताना कडेला चिरा जायच्या, तव्यावर टाकली की उलथताना तुकडे व्हायचे, मग ती तुकडेच ताकात कुस्करून पोरांना द्यायची. पोरं जगली, हे ती कधी विसरली नाही. पण शेवटपर्यंत घरात लालसर ज्वारी आली की तिचा चेहरा बदलायचा. मदत मिळाली, आणि ती हवीच होती, पण मदतीवर जगणं काय असतं ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

बियाण्याचं तसं नाही. बी एकदा हातात आलं की तुमचं होतं, पुढच्या वर्षी कोणाला विचारायला नको.

आणि आपण फक्त घेतलंय असंही नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, ब्रिटिशांमुळे मायदेशी परतता येत नव्हतं तेव्हा मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी शाळेत प्राध्यापक झाले, मक्यावर, गव्हावर काम केलं, तिथल्या गरीब शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या, दिएगो रिव्हेरा या मोठ्या चित्रकाराने भित्तिचित्रात त्यांना रंगवलंय. बोरलॉग मेक्सिकोत जायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

दुसरं उदाहरण भाताचं. ७० च्या दशकात आशियाभर भातावर एक विषाणूजन्य रोग आला, रोप खुजं राहून गवतासारखं व्हायचं आणि लोंबीच धरायची नाही. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत, जिला इरी म्हणतात, सहा हजारांहून जास्त नमुने तपासले, आणि टिकला एकच. उत्तर प्रदेशातून गोळा केलेला जंगली भात, ओरायझा निवारा. आपल्या जुन्या ग्रंथांत ऋषींचं अन्न म्हणून नीवार येतो ना, त्यावरूनच हे नाव. गुरदेव खुश या आपल्या पंजाबी शास्त्रज्ञांनी त्याचा गुण आयआर-३६ मध्ये आणला आणि तो वाण एकेकाळी जगात एक कोटी हेक्टरहून जास्त जमिनीवर होता. त्या नमुन्याच्या पाकिटातलं गवतासारखं दिसणारं बी कोणी कचरा म्हणून फेकलं असतं तर?

हरित क्रांतीने पाण्याची आणि जमिनीची वाट लावली, त्याचं काय?

खरं आहे, पंजाबात पाण्याची पातळी किती खोल गेलीय ते तिथले शेतकरीच सांगतात. गहू-भात सोडून बाकी पिकं मागे पडली, ज्वारी-बाजरी गरिबाचं खाणं म्हणून हिणवली गेली. यात दोष त्या बियाण्यापेक्षा फुकट वीज, खताची सबसिडी आणि दोनच पिकांची हमखास खरेदी या धोरणाचा जास्त आहे असं माझं मत, पण शास्त्रज्ञ त्यातून पूर्ण सुटत नाहीत. स्वामिनाथन यांनी स्वतः १९६८ लाच इशारा दिला होता की जमीन आणि पाणी न सांभाळता ओरबाडून शेती केली तर पुढे संकट येईल. ऐकलं गेलं नाही.

बियाणं सोडून दुसरं काही झालंय का?

बुळकांडी. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, हा शब्द ऐकून काय आठवतं ते. गुरांना ताप, तोंडात फोड, मग जुलाब आणि आठवड्या-दहा दिवसांत अख्खा गोठा रिकामा. बैल गेले की नांगरट गेली, नांगरट गेली की भूक आली. १८८० च्या दशकात हा रोग आफ्रिकेच्या पूर्व टोकाला पोचला, भारतातून नेलेल्या गुरांबरोबर गेला असं मानलं जातं, आणि इथिओपियात त्यानंतर जो दुष्काळ पडला त्यात तिथली तिसरा हिस्सा माणसं मेली असा अंदाज आहे.

याच्यावरचं काम आपल्याकडे पुण्यात सुरू झालं, १८८९ ला निघालेली प्रयोगशाळा पुढे कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली, तिथे १९२० च्या दशकात रोगाचा विषाणू बकरीतून पुन्हा पुन्हा फिरवून सौम्य केलेली लस निघाली. मग केनियात वॉल्टर प्लॉराइट यांनी त्याहून सुरक्षित लस काढली. तिला थंडावा लागायचा, आणि वाळवंटात फ्रीज कुठून आणणार, म्हणून जेफ्री मरीनर यांनी उन्हात काही आठवडे टिकेल अशी केली. दक्षिण सुदानात यादवी चालू होती, सरकारी डॉक्टर पोचू शकत नव्हते, तिथे गुराख्यांनाच लस टोचायला शिकवलं, कारण कुठला कळप कुठे आहे हे त्यांनाच माहीत. १९९४ पासून सगळ्या देशांची मोहीम एका छत्राखाली आली आणि २०११ ला जाहीर झालं की बुळकांडी जगातून गेली. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसलेला हा दुसराच रोग. आणि एवढी मोठी गोष्ट आपल्या शाळेत कोणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

हे सगळं जुनं झालं. आत्ताच्या काळातलं सांगा.

उपवासाची साबुदाण्याची खिचडी खाता ना? साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याचं नाव कसावा, आपल्याकडे मुख्य लागवड तमिळनाडू-केरळात, सेलमच्या कारखान्यांत साबुदाणा होतो. हाच कसावा आफ्रिकेतल्या कोट्यवधी लोकांची रोजची भाकरी आहे. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. ७० च्या दशकात त्याच्यावरचा पिठ्या ढेकूण चुकून आफ्रिकेत पोचला, तिथे त्याला खाणारं कोणीच नव्हतं, आणि काही भागांत तीन चतुर्थांशाहून जास्त पीक जायला लागलं. मग शोध सुरू झाला की हा कीटक मूळ घरी कोणाला घाबरतो. १९८१ ला पॅराग्वेत एक इवलीशी गांधीलमाशी सापडली, तांदळाच्या कणीएवढी सुद्धा नाही. ती पिठ्या ढेकणाच्या अंगातच अंडं घालते, आतून अळी त्याला खाते, आणि बाहेर उरतं फक्त तपकिरी पोकळ टरफल, त्याला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. तिला आधी लंडनमध्ये क्वारंटाइनमध्ये ठेवून तपासलं, मग नायजेरियातल्या संस्थेत हान्स हेरेन आणि त्यांच्या टीमने ती वाढवली आणि देशादेशांत सोडली, सुमारे तीस देशांत. शेतकऱ्याला एक रुपया खर्च नाही, फवारणी नाही.

आता पुढचं. २०२० ला तोच पिठ्या ढेकूण केरळात त्रिशूरला दिसला आणि मग तमिळनाडूत पसरला. पण या वेळी उत्तर शोधायला दहा वर्षं लागली नाहीत, ते तयार होतं. बंगळुरूच्या आपल्या सरकारी कीटक संस्थेने बेनिन या आफ्रिकी देशातून तीच माशी मागवली, इथे तपासली, वाढवली आणि २०२२ ला सेलम जिल्ह्यात येथापूरच्या संशोधन केंद्रातून शेतात सोडली. पॅराग्वे, लंडन, नायजेरिया, बेनिन, बंगळुरू, सेलम, आणि मग तुमची एकादशीची खिचडी. मला विचाराल तर देशांनी एकत्र येणं म्हणजे काय हे समजवायला याहून चांगलं उदाहरण नाही.

भारत-पाकिस्तानसारखे भांडणारे देश खरंच एकत्र काम करतात?

भुकेच्या बाबतीत करतात, गाजावाजा न करता. २०२० च्या मे महिन्यात अमरावती, वर्धा, नागपूर भागात टोळधाड आली ते आठवत असेल, लोक थाळ्या वाजवत होते, ट्रॅक्टरवरून फवारण्या चालल्या होत्या. ते टोळ राजस्थान-मध्य प्रदेशातून आले, त्याआधी पाकिस्तान, त्याआधी इराण. वाळवंटात टोळ कुठे अंडी घालतायत हे पलीकडच्या माणसाने कळवलं नाही तर अलीकडच्याने तयारी करायची कधी? म्हणून भारत, पाकिस्तान, इराण, अफगाणिस्तान यांचा एक आयोग युनोच्या अन्न संघटनेखाली १९६४ पासून आहे, आणि मुनाबाव-खोखरापार सीमेवर दोन्हीकडचे टोळ-अधिकारी १९७७ पासून पावसाळ्यात भेटून माहिती देत-घेत आलेत. २०२० ला संबंध अगदी तळाला होते तरी तांत्रिक बैठका ऑनलाइन झाल्या, आणि भारताने इराणला मॅलॅथिऑन हे कीटकनाशक पाठवलं की तिथेच टोळ आटोक्यात यावेत.

दुसरं, २०२१ ला भारताने अफगाणिस्तानला ५०,००० टन गहू द्यायचं ठरवलं, रस्ता पाकिस्तानातून. काही महिने घोळ चालला, शेवटी २०२२ च्या फेब्रुवारीत अफगाण ट्रक अटारीला आले, पहिले ५० ट्रक गहू भरून वाघामार्गे जलालाबादकडे गेले आणि तिथे युनोच्या वर्ल्ड फूड प्रोग्रॅमने वाटप हातात घेतलं. व्यापार बंद, पण भुकेलेल्यासाठी गेट उघडलं.

युद्ध चालू असेल तर शास्त्र काय कामाचं?

तिथे शास्त्र एकटं काहीच करू शकत नाही, हे सरळ सांगते. तिथे मुत्सद्देगिरीच लागते. २२ जुलै २०२२ ला इस्तंबूलमध्ये युक्रेन आणि रशियाने, तुर्कस्तान आणि युनोच्या मध्यस्थीने, काळ्या समुद्रातून धान्य बाहेर काढायचा करार केला. प्रत्येक जहाज इस्तंबूलला थांबायचं, रशियन, युक्रेनियन, तुर्की आणि युनोची माणसं एकत्र चढून तपासायची. एकमेकांशी लढणाऱ्या देशांचे लोक एकाच डेकवर! वर्षभरात जवळपास ३ कोटी ३० लाख टन धान्य बाहेर पडलं आणि भाव उतरायला मदत झाली. जुलै २०२३ ला रशिया बाहेर पडला आणि करार संपला.

उपासमार हे युद्धाचं हत्यार म्हणून वापरू नये असा सुरक्षा परिषदेचा २०१८ चा ठराव आहे, क्रमांक २४१७. तरी २०२४ ला सुदानमध्ये आणि ऑगस्ट २०२५ ला गाझात दुष्काळ जाहीर झाला, आणि दोन्हीकडे पाऊस पडला नाही म्हणून नाही, माणसांनी रस्ते अडवले म्हणून. हे जाहीर कोण करतं तर आयपीसी नावाची पद्धत आहे, अनेक संस्था मिळून पोरांचं वजन-दंडाचा घेर, मृत्यूचं प्रमाण, घरातलं अन्न याचे आकडे एकाच मापाने मोजतात. कोणी म्हणालं आमच्याकडे भूक नाहीच, तर समोर ठेवायला हे मोजमाप असतं. ते ऐकलं जात नाही तेव्हा जीव तुटतो, पण मोजलंच नाही तर ती पोरं कागदावर सुद्धा राहत नाहीत.

बियाण्यांच्या बँकेबद्दल ऐकलंय, ती खरंच कधी कामाला आली का?

आली. सीरियात अलेप्पोजवळ कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय बँक होती, गहू, जव, मसूर, हरभरा, सगळी आपलीही पिकं. यादवी पेटल्यावर तिथे काम करणं अशक्य झालं. पण कर्मचाऱ्यांनी आधीच बहुतेक नमुन्यांच्या जोडप्रती नॉर्वेत स्वालबार्डच्या बर्फातल्या तिजोरीत पाठवल्या होत्या. ती तिजोरी २००८ ला उघडली होती, आणि २०१५ ला पहिल्यांदाच तिच्यातून बी परत काढलं गेलं, लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरून वाढवलं, आणि २०१७ ला ताजं बी पुन्हा आत ठेवलं.

याच्या मागची एक गोष्ट मी वर्गात सांगते तेव्हा शांतता पसरते. दुसऱ्या महायुद्धात रशियातल्या लेनिनग्राडला वेढा पडला होता, शहरात लोक उपासमारीने मरत होते, आणि वाविलोव्ह या रशियन शास्त्रज्ञांच्या बियाणं जपणाऱ्या संस्थेत हजारो पाकिटं धान्य होतं. तिथल्या माणसांनी ते खाल्लं नाही. भाताचा संग्रह सांभाळणारे दिमित्री इव्हानोव्ह भाताच्या पाकिटांमध्ये बसून भुकेने गेले. स्वतः वाविलोव्ह, जे बियाण्यासाठी जगभर फिरले, त्यांना स्टालिनच्या राजवटीने तुरुंगात टाकलं होतं, १९४३ ला साराटोव्हच्या तुरुंगात त्यांचाही उपासमारीने अंत झाला.

बदलत्या हवामानाला काही उत्तर आहे का?

तयार गोळी नाही, तुकड्या-तुकड्याने आहे. ओडिशातल्या एका जुन्या भातात पुराखाली दम धरून राहायचा गुण होता, तो इरी आणि कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी मिळून शोधला आणि आपल्या लोकप्रिय स्वर्णा वाणात घातला, २००९ पासून स्वर्णा-सब१ शेतात आहे, दोन आठवड्यांपर्यंत पाण्याखाली राहून पुन्हा फुटतो. पूर ज्यांच्या शेतात हमखास येतो ते बहुतेक सगळ्यात गरीब शेतकरी असतात, म्हणून मला हा वाण फार मोलाचा वाटतो.

पोट भरतं पण अंगात रक्त नाही, त्याला भूक म्हणायचं का?

म्हणायलाच हवं. आणि इथे आपल्या बाजरीची गोष्ट येते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कोरडवाहू पीक संशोधन संस्थेत पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशाच्या एका गावरान बाजरीतून एक वाण निवडला होता, टपोरा दाणा, लवकर येणारा, महाराष्ट्रात तो ८० च्या दशकाअखेर आला आणि चालला. त्यातूनच लोह जास्त असलेली झाडं निवडत निवडत राहुरीच्या कृषी विद्यापीठाबरोबर धनशक्ती हा वाण तयार झाला, २०१२ ला महाराष्ट्रात प्रसारित झाला. मग आपल्याच राज्यात वसतिगृहातल्या १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना सहा महिने या बाजरीची भाकरी आणि शेव दिली, दुसऱ्या गटाला साधी बाजरी, आणि ज्यांच्यात लोह कमी होतं त्यांची कमतरता भरून निघण्याचं प्रमाण धनशक्ती खाणाऱ्यांत स्पष्ट जास्त निघालं. गोळ्या नाहीत, रोजचीच भाकरी. टोगोतल्या ज्या बायकांनी पिढ्यानपिढ्या ती बाजरी निवडून ठेवली त्यांना हे माहीत सुद्धा नसेल.

आपण बी देऊन टाकलं तर परदेशी कंपन्या पेटंट घेतील ना?

भीती रास्त आहे. यासाठीच २००१ चा आंतरराष्ट्रीय बियाणे करार आहे, २००४ पासून लागू, त्यात ६४ पिकं ठरावीक अटींवर देता-घेता येतात आणि जसं घेतलं तसंच बी कोणी स्वतःच्या मालकीचं करू शकत नाही. फायद्यातला वाटा परत यायची सोय कागदावर आहे, प्रत्यक्षात पैसे फार थोडे आलेत, इथे विकसनशील देशांची तक्रार योग्यच आहे. आपला २००१ चा पीक वाण संरक्षण कायदा मात्र चांगला आहे, शेतकरी बी जपू शकतो, पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ किंवा विकू शकतो, फक्त ब्रँडच्या नावाने विकायचं नाही.

भारताने तांदूळ निर्यात बंद केली ते चुकलं का?

जगाच्या तांदूळ निर्यातीत आपला वाटा ४० टक्क्यांच्या आसपास. जुलै २०२३ ला आपण बिगर-बासमती पांढरा तांदूळ थांबवला, जागतिक भाव १५ वर्षांत नव्हते तेवढे चढले, आणि झळ पश्चिम आफ्रिकेतल्या गरिबाला बसली. सरकारला घरचे भाव सांभाळायचे होते हे समजतं, काही देशांना सरकारी पातळीवर सवलत दिली तेही खरं, सप्टेंबर २०२४ ला बंदी उठलीही. तरी माझं मत असं की असं एका रात्रीत करू नये. एक चांगली गोष्ट २०२२ ला जिनिव्हात ठरली, वर्ल्ड फूड प्रोग्रॅम मदतीसाठी जे धान्य घेईल त्यावर कोणी निर्यातबंदी लावायची नाही.

याला पैसे कोण देतं?

सरकारं, काही फाउंडेशन्स. आणि ते किती पटकन थांबू शकतात हे २०२५ ला दिसलं. १९८४ च्या इथिओपियातल्या दुष्काळानंतर अमेरिकेने उभारलेली दुष्काळ-पूर्वसूचना यंत्रणा, फ्यूज नेट, चाळीस वर्षं चालली आणि जानेवारी २०२५ ला मदत गोठवल्यावर काही महिने बंदच पडली. म्हणून एकाच देशाच्या खिशावर हे काम टांगून ठेवू नये, भारतासारख्या देशाने आता जास्त वाटा उचलायला हवा असं मला मनापासून वाटतं.

मी साधा माणूस, मी काय करू?

घरात, गावात जुनं बियाणं असेल तर ते जपा. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी हेच केलं आणि त्यांना पद्मश्री मिळाली. आणि थोडं बी सरकारी जनुक बँकेलाही द्या, राष्ट्रीय वनस्पती जनुक संसाधन ब्युरोचं एक केंद्र विदर्भातल्या अकोला शहरात आहे, कृषी विद्यापीठात विचारलं तरी वाट दाखवतील. बी चांगलं वाळवून कागदी पाकिटात भरा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. पाकिटावर गाव, तालुका, जमीन कशी आहे, पेरणी कोणत्या महिन्यात, पीक किती दिवसांत येतं, आणि घरात त्या वाणाला काय म्हणतात ते नाव जसंच्या तसं लिहा. आणि ते बी घरात कोणाकडून आलं हेही लिहा, आईकडून, सासूकडून, बाजारातून, जे असेल ते. उत्तर प्रदेशातल्या त्या जंगली भाताच्या पाकिटावर तो कुठून आणला ते कोणीतरी लिहून ठेवलं होतं.